नवव्या ओळीतला आकडा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आम्ही चार दिवस होतो. घरून निघताना मी दहा ठिकाणांची यादी केली होती. त्यातली चार पाहून झाली. उरलेली सहा का राहिली ते पुढे येईलच. ज्यांना तिकडे जायचे आहे त्यांनी मार्गशीर्षात जावे. ऊन सोसवते, शेतात तूर आणि हरभरा उभा असतो, आणि कोणाच्या बांधाशी नुसते थांबले तरी हातात शेंगा पडतात.

पण हा लेख एवढ्यासाठीच नाही. आमच्या इतिहासप्रेमी मंडळाच्या वार्षिक अंकात सहा वर्षांपूर्वी माझा एक लेख आला होता. कंधार तालुक्यातल्या एका शिलालेखाचे वाचन त्यात दिले होते. त्या वाचनातली एक गोष्ट मी लिहायला नको होती. ती मागे घ्यायची म्हणूनही हे प्रवासवर्णन लिहितो आहे.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत भांडार सांभाळतो. आले किती, गेले किती, शिल्लक किती, हे माझे रोजचे काम. रविवारी टेप, वही आणि पाण्याची बाटली घेऊन जुने दगड बघायला जातो. वीरगळ, सतीशिळा, देवळांच्या दारातले लेख. अठरा वर्षांत चारशे बारा दगडांची मापे वहीत उतरली आहेत. बायको सुनंदा आजवर कधी बरोबर आली नव्हती. यंदा मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, घर मोकळे झाले, तेव्हा ती म्हणाली, "चला, तुमचे दगड तरी बघू."

पहिला दिवस: नांदेड, कंधार

नांदेडला उतरून पहिल्यांदा नाश्ता केला. तिकडे सुशीला म्हणून एक प्रकार मिळतो. मुरमुरे भिजवून, पिळून, पोह्यांसारखे फोडणीला घालतात. वर दाण्याचे कूट. आमच्याकडे मुरमुरे म्हणजे भडंग, आणि भडंग कुरकुरीत नसले तर दुकानदाराला परत करतात. ते मुद्दाम भिजवायचे हे सुनंदाला पटेना. गाडीवाला तिच्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "खाऊन तर बघा काकू, मंग नावं ठेवा." तिने दोन बश्या खाल्ल्या आणि नावे ठेवली नाहीत.

कंधारचा किल्ला एसटी स्टँडवरून चालत जाण्यासारखा आहे. भोवती रुंद खंदक, त्यात अजून पाणी. राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंत एवढ्या राज्यांनी इथे कारभार केला, की एकाच भिंतीत देवळाचा खांब, फारसी लेख आणि कालपरवाचे सिमेंट शेजारी शेजारी नांदते. मी दरवाजाची रुंदी घेतली, सुनंदाने टेपचे दुसरे टोक धरले. तिने ते अगदी चोख धरले हे इथे नमूद करतो.

कंधारच्या परिसरात एका प्रचंड मूर्तीचे तुकडे पडलेले आहेत. त्यातले एक पाऊल पाहून सुनंदा थबकली. मी पावलाची लांबी घेतली. पावलाच्या साडेसहा पट उंची धरतात, असे तिला सांगितले आणि तिथेच गुणाकार करून मूर्तीची उंची सांगितली.

"आणि बसलेली असली तर?" तिने विचारले.

अशा मूर्ती उभ्याच असतात, असे मी म्हणालो.

"हे तुम्हाला पावलानं सांगितलं?"

जवळच एक म्हातारा शेळ्या राखत बसला होता, तो मोठ्याने हसला. मलाही हसू आले. वहीत मात्र मी तो आकडा लिहिला, आणि पुढे 'अंदाजे' लिहायचे राहून गेले. दोन दिवसांनी निलंग्यात ती वही उघडली तेव्हा ते लक्षात आले.

दुसरा दिवस: एका गावात

गावाचे नाव इथे देत नाही. तिथल्या कोणाचीही काही चूक नाही, आणि उगाच कोणी जाऊन त्यांना हसू नये.

कंधारहून अर्ध्या तासावर हे गाव आहे. गावाबाहेर महादेवाचे दगडी देऊळ, आणि दाराच्या डाव्या हाताला हा शिलालेख. उंची एकशे बेचाळीस सेंटिमीटर, रुंदी सेहेचाळीस, जाडी एकवीस, ओळी नऊ. यादवांच्या काळची मराठी आहे. देवापुढे दिवे लावण्यासाठी कोणा अधिकाऱ्याने गुरवाला जमीन दिली, असा मजकूर. जमीन केव्हाच गेली. गुरवाचे घर मात्र अजून आहे, आणि रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो. त्यामुळेच मला हा दगड इतका आवडला होता.

सहा वर्षांपूर्वी मी एकटाच तिथे गेलो होतो. निलंग्याचे कादरी सर यांनी दगडाचा पत्ता दिला होता. सर चित्रकला शिकवत, नोकरीत असताना काही वर्षे कंधार तालुक्यात होते, आणि अशा लेखांचे कागदावर ठसे घ्यायचा त्यांना नाद. मी ज्याला नाद म्हणतो तो त्यांच्याकडूनच मला लागलेला आहे. या दगडाचाही ठसा त्यांच्याकडे होता. तो आधी पाहून जा, असे त्यांनी सुचवले होते. मला मात्र लेख स्वतः वाचायचा होता. दुसऱ्याने सोडवलेले गणित बघून सोडवण्यासारखे वाटले, म्हणून मी ठसा न पाहताच गेलो.

त्या दिवशी किसनराव गुरव माझ्यासोबत होते. सडपातळ, खोकणारा, मोजके बोलणारा माणूस. त्यांनी कळशीभर पाणी आणून दगड पुसून दिला. अक्षरे फार झिजलेली होती. मी खडूने एकेक अक्षर भरत गेलो. आता जाणकार सांगतात की खडू भरू नये. तेव्हाही सांगत होते. आठ ओळी बऱ्या लागल्या. नवव्या ओळीत दिव्यांचा आकडा होता, आणि नेमकी तिथे रुपयाएवढी कपची उडालेली. खाली एक बाकदार रेघ तेवढी उरलेली. पाचची बस गाठायची होती. जमीन मोठी आहे, म्हणजे एक-दोन दिव्यांसाठी नसणार, असा विचार केला आणि खडूने गोल, ठसठशीत सात काढला. मग फोटो घेतला.

दगडाची मापे मी सहा घेतली होती. फोटो एकच, तोही खडू भरल्यानंतरचा.

पुढे लेख छापून आला. मी फोटो मोठा करून, चौकट करून गावाला पाठवला. अंकाची एक प्रत कादरी सरांना. सरांचे पोस्टकार्ड आले: "अंक मिळाला. आनंद झाला. आकड्याबद्दल भेटीत बोलू." भेट आज-उद्या करत सहा वर्षे गेली.

या वेळी गावात शिरलो तर उपसरपंच बालाजी स्टँडवर घ्यायला आला होता. तिशीतला, खताचे दुकान असलेला, सतत फोनवर. मला दुकानात बसू दिले नाही, चहा घेऊ दिला नाही. "आधी देवळाकडं चला साहेब. तुमाला एक दाखवायचं हाय."

दगड दुरूनच दिसला. काळ्या दगडावर पांढरी अक्षरे. मला आधी रंग वाटला. जवळ गेलो तेव्हा कळले की अक्षरे नव्याने कोरलेली आहेत, निम्मे बोट जाईल इतकी खोल.

"आता पाचशे वर्षं हलत न्हाई," बालाजी म्हणाला.

मग त्याने सगळे सविस्तर सांगितले. अक्षरे पुसट होत चालली होती. गावात बैठक बसली. त्याच्या आईने सुचवले की पाटा गुळगुळीत झाला की आपण टाकी लावून घेतोच, मग या दगडाला का नाही? सगळ्यांना पटले. यात्रेत पाटे-वरवंटे घेऊन येणाऱ्या पाथरवटाला बोलावले. "तुमचा फोटू समोर मांडून बसला त्यो, तीन दिवस. मी सवता उभा ऱ्हाऊन करून घेतलं. एक रेघ इकडची तिकडं न्हाई."

त्याला काय बोलणार? माझी आईसुद्धा दर वर्षी पाट्याला टाकी लावून घ्यायची. दारावरून टाकीवाल्याची हाळी गेली की आम्ही पोरे पाटा ओढत बाहेर आणायचो, आणि टाकीचे ठिपके पडलेला पाटा किती छान दिसायचा ते मला अजून आठवते. झिजलेला दगड पुन्हा कामाला आणायचा तो असाच. त्यांनी दगडाला जपले होते.

मी नवव्या ओळीपाशी बसलो. सात तिथे होता. माझ्या हिशेबाच्या वहीत सातच्या शेपटीला जरा जास्त बाक असतो, कारकून त्यावरून माझी चेष्टा करतात. तो बाकसुद्धा पाथरवटाने सोडला नव्हता. सातशे वर्षांपूर्वीच्या दगडात माझे हस्ताक्षर होते. कपची नव्हती, ती बाकदार रेघ नव्हती. आता उद्या कोणी मोठा विद्वान आला तरी त्याला वाचायला मी लिहिलेलेच शिल्लक होते.

उंबऱ्याच्या आत सात पणत्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. वाती जळून काळ्या झालेल्या. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

किसनराव दोन वर्षांपूर्वी गेल्याचे बालाजीने सांगितले. दिवाबत्ती आता त्यांची बायको गयाबाई करते. ती आम्हाला पाहून घरातून आली. साठीच्या पुढची, गुडघ्यावर हात ठेवून चालणारी. मला पाहून म्हणाली, "ह्येच का त्ये फोटूवाले सायेब? बरं केलं दादा, आमचं डोळं उघडलं." मला अर्थ कळला नाही. तिने सुनंदाला घरी नेले, आणि मी बालाजीबरोबर फिरून गावातले बाकीचे दगड पाहिले. मापे घेतली की नाही ते आठवत नाही. वहीत नाहीत.

लातूरच्या बसमध्ये बसल्यावर सुनंदाने गयाबाईकडून ऐकलेले सांगितले.

माझा फोटो गावात आला तेव्हा बालाजीने तो चावडीत सर्वांना वाचून दाखवला. गुरवाच्या घराण्याने देवापुढे सात दिवे लावायचे, त्यासाठीच जमीन दिली होती. आणि त्या घरात तर पिढ्यान्पिढ्या एकच दिवा लागत आलेला. किसनरावांच्या बापाने एक लावला, आजाने एक लावला. गावात कोणी टोचून बोलले नाही, पण गयाबाईच्या मनाने घेतले. त्याच साली लेकीचे ठरलेले लग्न मोडले होते. ती नवऱ्याला म्हणाली, तुमच्या घराण्याने देवाचे सहा दिवे खाल्ले, त्याचे हे फळ आहे.

"मग ते काय म्हणाले?" मी विचारले.

"काहीच नाही. उठले आणि सात लावले. दम्यानं उभं राहवत नव्हतं तरी शेवटपर्यंत सात लावत होते, म्हणाली. आता ती लावते. मला म्हणाली, मागची फेड करून राहिले माय."

पुढे अहमदपूर आले. मग ती म्हणाली, "तो सात अगदी नक्की आहे ना हो?"

मी तिला सगळे सांगितले.  तिथे असतानाच तोंड का उघडले नाही, एवढेच तिने विचारले. खरे उत्तर असे आहे की बालाजी इतका खूश होता आणि मला साहेब म्हणत होता.

तिसरा दिवस: औसा, निलंगा

सकाळी लातूर शहर रिकामे दिसले. दुकाने बंद, रस्त्यावर माणूस नाही, चहाची टपरीसुद्धा बंद. मला वाटले काही गडबड झाली. लॉजवाल्याने सांगितले की आज येळवस. वेळ अमावस्या तिकडचा मोठा सण. आमच्याकडे तिचे नावही कोणाला माहीत नाही. त्या दिवशी सगळे लोक शेतात जातात. ज्याचे शेत नाही तो ज्याचे आहे त्याच्याकडे जातो. जेवणाची हॉटेले बंद असल्याने आमची पंचाईत होणार असे वाटले होते, पण झाले उलटेच.

औशाचा किल्ला गावाच्या टोकाला असून जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तटबंदी सखल जागेत, खंदकाच्या आड बसली आहे. शत्रूला लांबून दिसू नये म्हणून असे म्हणतात. आत विहिरी आहेत, पायऱ्या उतरून गेले की गार हवा लागते. मी टेप काढला नाही. सुनंदानेही टेपचे विचारले नाही.

निलंग्याची बस दोन तास उशिरा मिळाली. कादरी सरांच्या घराला कुलूप होते. शेजारच्या घरातही कोणी नव्हते, पण रस्त्याने डोक्यावर टोपले घेऊन एक बाई चालली होती. ती म्हणाली, "सर व्हय? ते पाटलाच्या रानात असत्यात, दर येळवसेला. चला की माझ्यासंगं." अशा रीतीने आम्ही न बोलावता एका तुरीच्या शेतात पोचलो. कडब्याची खोप, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पूजा होऊन पंगत बसली होती. मधोमध पांढऱ्या दाढीचे कादरी सर भाकरी मोडत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण मला लांबूनच ओळखले.

"आओ भाऊ," ते म्हणाले. "सहा वर्षं लागली तुम्हाला इचलकरंजीहून."

आमच्या पानात भज्जी आली. ही भजी नव्हेत. सगळ्या शेंगांचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली दाट भाजी. तिच्याबरोबर बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आणि गाडग्यातले ज्वारी-ताकाचे आंबील. माठातल्या पाण्यापेक्षा ते गार लागते. वाढणारी म्हातारी सुनंदाला 'खा की गं लेकी, वाळून चालली' म्हणत तिसऱ्यांदा वाढून गेली. सरांना तिथे कोणी पाहुणे समजत नव्हते. गेली चाळीस वर्षे ते त्याच जागी बसतात, असे पाटलांनी सांगितले. एवढे चांगले जेवण मी फार वर्षांत जेवलो नाही आणि त्या दिवशी मला ते गोड लागले नाही, याचेही वाईट वाटते.

दुपार कलल्यावर नीळकंठेश्वराच्या देवळावरून सरांच्या घरी गेलो. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती सरांनी एकेक करून सुनंदाला दाखवल्या. घरी त्यांनी पत्र्याच्या नळकांड्यातून एक गुंडाळी काढली आणि पलंगावर पसरली. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा, की कोरलेले पांढरे आणि बाकी काळे उमटते. ठसा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा. पहिल्या आठ ओळी माझ्यापेक्षा स्वच्छ.

नववी ओळ मी शेवटी पाहिली. मनातून मला वाटत होते की तेव्हा ती कपची उडालेली नसेल, आणि काय असेल ते तिथे दिसेल. सात निघाला तर मी सुटलो. एक निघाला तर गयाबाई सुटली.

तिथे पांढरा डाग होता. रुपयाएवढा. खाली बाकदार रेघ. सरांच्या वहीत त्या जागेपुढे लिहिले होते: "येथे आकडा. दगड फुटला आहे. वाचता येत नाही."

"किती वेळ बसलो होतो सांगू?" सर म्हणाले. "दोन दिवस. सकाळच्या उन्हात, संध्याकाळच्या उन्हात. एक म्हणावं तर एक, सात म्हणावं तर सात. नऊसुद्धा म्हणता येतो. मग सोडून दिलं. आपल्या कामात रिकामी जागा हीपण नोंद असते, भाऊ."

मी गावात काय झाले ते सांगितले. सर बराच वेळ ठशाची कडा बोटाने सरळ करत राहिले. मला वाटले आता ते रागावतील. ते म्हणाले, "मीही कार्ड टाकून बसून राहिलो. एसटीने चार तासांचा रस्ता आहे. दगड बघायला मी तरी कुठे गेलो?"

उदगीर, खरोसा, होट्टल, यादीतले उरलेले सगळे रद्द केले. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसची चौकशी केली. निघताना सरांनी ठशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. "दगडावर आता नाही. कुठंतरी असायला पाहिजे."

चौथा दिवस: पुन्हा त्याच गावात

बसमध्ये सुनंदाने एक गोष्ट सुचवली. ती फार विचार करून बोलते.

"एक होता म्हणून सांगून टाका ना. सरांच्या कागदात एक निघाला म्हणायचं. कोण तपासायला येणार आहे? त्या माउलीच्या जिवाला शांतता मिळेल."

मी म्हणालो, एकदा मी बस गाठायची म्हणून सात म्हणालो. आता तिला बरे वाटावे म्हणून एक म्हणू?

"पहिलं तुमच्यासाठी होतं. हे तिच्यासाठी आहे."

 हा फरक मला आजही खोडता येत नाही. लोह्याचा स्टँड मागे गेला, तरी मी ठरवू शकलो नाही.

आधी बालाजीला भेटलो. ठसा त्याच्या दुकानाच्या काउंटरवर पसरला आणि पांढरा डाग दाखवला. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो हुशार मुलगा आहे. चेहरा पडला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हंजे आमी तुमचा खडू कोरून घेतला." मी हो म्हणालो. त्याने पुन्हा साहेब म्हटले नाही. मात्र पाणी दिले, आणि गयाबाईला काय सांगायचे ते तुम्हीच सांगा, मी येत नाही, असे म्हणून दुकानातच थांबला.

गयाबाई देवळात होती. पणत्या पुसून ओळीने मांडत होती. आम्ही ओट्यावर बसलो. मी ठसा उलगडला. तिला वाचता येत नाही, पण पांढरा डाग दिसला. इथे दगड आधीपासूनच फुटलेला होता, किती दिवे लिहिले होते ते कोणालाच माहीत नाही, सात मी अंदाजाने लिहिला, असे सगळे मी सांगितले. किसनराव पाणी घेऊन शेजारी उभे होते, तेव्हा त्यांनाही मी सांगितले नाही की हा अंदाज आहे, हेही सांगितले.

ती हातातल्या फडक्याची घडी करत राहिली.

"म्हंजे एक असंल?" तिने विचारले.

"असू शकतो."

"आमच्या मामंजीनं एकच लावला. त्येंच्या बापानं एकच. उगंच लावतील व्हय एक? कुनी सांगितलं असंल तवाच लावला असंल."

मी म्हणालो, ते खरे असू शकते.

"असू शकतं नगं दादा. एक व्हता म्हणा की."

सुनंदा माझ्याकडे बघत होती. शब्द तोंडापर्यंत आला होता. एवढे सोपे मला आयुष्यात कधी कोणी मागितले नसेल.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणालो.

गयाबाईने फडके बाजूला ठेवले. मग तिने टेपकडे बोट केले. तो सवयीने माझ्या खिशातून बाहेर डोकावत होता.

"दगुड मोजता, दार मोजता. येवढं मोजता यीना व्हय?" ती रागाने बोलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मालकाला लई बोलले वो म्या. गपगुमान उठला अन् लावाया लागला. येका शब्दानं म्हणला न्हाई की आमी चोर न्हाई. आता त्येला कसं सांगू?"

सुनंदाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी ठसा गुंडाळला. तो पुन्हा पुन्हा सुटत होता.

ऊन उतरले. गयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, तेलाची बुधली घेऊन आत गेली. काडी ओढल्याचा आवाज आला. सुनंदा दाराशी उभी राहिली. मी पायऱ्या उतरून अंगणात आलो आणि दगडाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत राहिलो. पहिला दिवा लागला तसा माझ्या पुढ्यातल्या मातीवर थोडा उजेड पडला. पुढे बघायला नको म्हणून मी स्टँडकडे चालू लागलो.

नांदेडच्या बसमध्ये सुनंदा शेजारी येऊन बसली. तिच्या बोटांना तेल लागलेले होते, म्हणजे तिने आत जाऊन मदत केली असणार. किती दिवे लागले ते तिने पाहिले आहे. मी विचारले नाही. घरी येऊन तीन आठवडे झाले, तिनेही अजून सांगितलेले नाही.